लीग नाही, नुसते मैत्रीचे सामने: हौशी क्रिकेट क्लबचा हंगाम कसा उभा करावा

प्रश्न थोडक्यात असा: क्लबात पंचवीसेक जण आहेत, वयं अठरापासून पंचावन्नपर्यंत, स्वतःचं मैदान नाही. लीगमध्ये उतरायचं नाही, यंदा लेदर बॉलवर फक्त मैत्रीचे सामने खेळायचे आहेत. मागच्या हंगामात निम्मे सामने आयत्या वेळी रद्द झाले, ते पुन्हा होऊ नये. सुरुवात कुठून करावी?

लीगमध्ये वेळापत्रक, पंच, नियम, दंड सगळं वरून येतं. मैत्रीच्या सामन्यात वर कुणीच नसतं, म्हणून उलट जास्त गोष्टी आधी बोलून आणि लिहून ठरवाव्या लागतात. हौशी क्लब हरून बंद पडत नाहीत. ते दोन कारणांनी बंद पडतात. एक, आदल्या रात्री ‘आमचे आठच होताहेत’ असा फोन जातो, आणि दोन-तीनदा असं झालं की समोरचे संघ तारखा देणं थांबवतात. दुसरं, जो गडी एका थर्ड मॅनपासून (किपरच्या मागची, सीमेजवळची जागा) दुसऱ्या थर्ड मॅनपर्यंत चालण्यात दिवस घालवतो आणि नवव्या नंबरला पॅड बांधून नुसता बसून राहतो, तो पुढच्या महिन्यापासून येत नाही. पुढचं सगळं या दोन गोष्टी टाळण्यासाठी आहे.

आधी माणसांचा हिशोब. यादीत पंचवीस नावं असली तरी कुठल्याही एका रविवारी त्यातली निम्मी मोकळी असतात असं धरूनच चालावं. म्हणजे बारा. अकरा उतरवायला हे पुरतं, पण एकाचा ताप आणि एकाचं लग्नकार्य आलं की संपलं. म्हणून दर आठवड्याला सामना ठेवू नका. हंगामात वीस रविवार असतील तर बारा ते चौदा सामने लावा आणि मोठ्या सुट्ट्या, परीक्षा यांचे रविवार आधीच कापून टाका. चौदा सामने गुणिले अकरा म्हणजे १५४ जागा. पंचवीस जणांत वाटल्या तर माणशी सहा सामने येतात. हा आकडा हंगामाच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांसमोर ठेवा. ज्याला चौदाच्या चौदा खेळायचे आहेत त्यालाही कळतं की ते जमणार नाही, आणि ज्याला तीनच जमणार आहेत त्याला अपराधी वाटत नाही.

स्वतःचं मैदान नाही ही अडचण वाटते तितकी मोठी नाही. ‘आय झिंगारी’ हा इंग्लंडमधला क्लब १८४५ पासून स्वतःच्या मैदानाशिवायच खेळत आला आहे. फक्त क्रम चुकवू नका: आधी मैदान, मग प्रतिस्पर्धी. बहुतेक जण उलटं करतात, समोरच्याला तारीख देऊन बसतात आणि मग मैदान शोधत फिरतात. हंगामातल्या पाच-सहा तारखांना एकच मैदान एकदम धरून ठेवा, बाकीचे सामने समोरच्यांच्या मैदानावर मागा. तुम्ही एक सामना बोलावलात की परतीचा एक मिळतो, ही या खेळातली जुनी देवाणघेवाण आहे.

तारीख तोंडी ठरली तरी त्याच दिवशी लेखी निरोप जायलाच हवा. साधारण असा:

‘रविवारचा सामना पक्का. पहिला चेंडू ११:४५, टॉस ११:२०. प्रत्येकी ३५ ओव्हर, एका बॉलरला जास्तीत जास्त ५. खेळपट्टी मॅटची, खिळ्यांचे बूट चालणार नाहीत. चेंडू लाल, चार तुकड्यांचा, प्रत्येक संघ आपला नवा चेंडू आणेल. पंच बॅटिंग करणाऱ्या संघाचे. मैदानाचा खर्च निम्मा-निम्मा. रद्द करायचं असेल तर गुरुवारी रात्रीपर्यंत कळवावं. त्यानंतर रद्द करणारा संघ मैदानाचा पूर्ण खर्च देईल. त्या दिवशी संपर्कासाठी दोन नंबर सोबत देत आहे.’

यातलं एकेक वाक्य कुठल्या ना कुठल्या भांडणातून आलेलं असतं. बुटांचं वाक्य राहिलं की समोरचे चार जण खिळे घालून येतात आणि मॅट (खेळपट्टीवर अंथरलेली जाड चटई) फाटते किंवा ते चौघे साध्या बुटांत घसरतात. चेंडूचा रंग राहिला की एक संघ पांढऱ्या कपड्यांत पांढरा चेंडू घेऊन हजर होतो. दोन नंबर अशासाठी, की कर्णधार गाडी चालवत असताना फोन उचलत नाही आणि नेमका तेव्हाच समोरचा संघ चुकीच्या फाटकावर उभा असतो.

हा निरोप एकदा पाठवून भागत नाही. दहा दिवस आधी एकदा आणि गुरुवारी एकदा, अशी आठवण द्यायची. ती देणारा माणूस कर्णधार नसावा. कर्णधाराला संघ निवडायचा असतो, नाराजी झेलायची असते. त्यात सामने जुळवण्याचं काम त्याच्याकडेच दिलं की दोन्ही कामं अर्धवट होतात. सामने जुळवायला वेगळा माणूस नेमा. तो उत्तम खेळाडू नसला तरी चालेल, फोन उचलणारा हवा.

संघनिवडीचं घड्याळ ठरलेलं असू द्या. सोमवारी रात्री ‘कोण कोण येणार’ विचारायचं, बुधवारी रात्री अकरा अधिक दोन राखीव नावं जाहीर करायची. राखीव खेळाडूंना बारावा आणि तेरावा असे क्रमांक देऊनच सांगा. ‘बघू, लागलं तर बोलावतो’ असं सांगितलेला माणूस शनिवारी दुसरीकडे निघून जातो. बुधवारनंतर गळणाऱ्याने बदली खेळाडू स्वतः सांगावा किंवा सामन्याचे पैसे भरावेत. हा नियम पहिल्या सामन्यापासून सगळ्यांना सारखा लावावा लागतो. एकदा लाडक्या ओपनरला सोडलं की तो नियम राहत नाही.

तरीही कधी नऊच जण होतील. मग सामना रद्द करू नका. क्रिकेटच्या कायद्यातला पहिलाच कायदा सांगतो की दोन्ही बाजूंच्या संमतीने अकरापेक्षा कमी किंवा जास्त खेळाडूंचे संघ खेळू शकतात, फक्त मैदानात एका वेळी अकरापेक्षा जास्त क्षेत्ररक्षक नकोत. नऊ जणांचा संघ आठ विकेटवर ऑलआउट होतो, एवढंच. समोरच्याला सकाळीच खरं सांगा. बहुतेक संघ आपल्या बॅटिंगच्या वेळी खाली बसलेले दोन जण क्षेत्ररक्षणाला देतात. उलट तुमचेच तेरा जण आले तर ‘बारा-बारा खेळू, क्षेत्ररक्षण अकरांनीच’ असा प्रस्ताव ठेवा. टॉसच्या आधी विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. टॉसनंतर विचारलं तर सगळ्यांनाच शंका येते.

आता सामना किती ओव्हरचा. टीव्हीवरचे आकडे डोक्यातून काढा. हौशी संघ तासाला चौदा ओव्हर टाकतो, वाईडची रांग लागली तर तेराच. त्या हिशोबाने ३५ ओव्हरला अडीच तास लागतात. दोन डावांचे पाच तास, मधली विश्रांती अर्धा तास, पाण्याची मध्यंतरं पंधरा मिनिटं, असे पावणेसहा तास होतात. उजेड सहापर्यंत असेल तर पहिला चेंडू सव्वाबाराला पडायलाच हवा, म्हणून निरोपात ११:४५ लिहायचं. तो अर्धा तास हरवलेल्या किल्लीत आणि उशिरा आलेल्या गाडीत जातो. ४० ओव्हरचा सामना याच हिशोबाने साडेसहा तासांच्या आसपास जातो. पंचवीस जणांच्या मिश्र वयाच्या क्लबाला ३५ बरोबर बसतं. २० ओव्हरचे सामने लवकर आटोपतात हे खरं, पण त्यात पाच जण खेळतात आणि सहा जण बघतात. मैत्रीच्या हंगामात ते दोन-तीनपेक्षा जास्त नकोत.

हंगामात निदान दोन सामने मात्र वेळेचे खेळा, म्हणजे ओव्हरची मर्यादा नाही, पहिल्या संघाने डाव घोषित करायचा आणि दुसऱ्याने पाठलाग करायचा किंवा अनिर्णित राखायचा. दुबळ्या संघाला यात शेवटपर्यंत काहीतरी वाचवण्यासारखं उरतं, आणि सातव्या नंबरच्या माणसाला अर्धा तास नुसतं टिकून राहूनही नायक होता येतं. अडचण एकच, घोषणेची वेळ. आकड्यांत बघा. बाराला सुरुवात केली आणि २:४०ला डाव घोषित केला तर साधारण ३७ ओव्हर झाल्या. ३:१०ला दुसरा डाव सुरू, शेवटचा तास ४:४०ला लागणार असं ठरलेलं. मधल्या दीड तासात २१ ओव्हर, आणि शेवटच्या तासात कायद्याप्रमाणे किमान २०, एकूण ४१. पाठलाग करणाऱ्याला चार ओव्हर जास्त मिळाल्या, सामना जिवंत आहे. आता तोच कर्णधार ‘अजून तीस धावा’ म्हणत ३:१५पर्यंत खेळला तर त्याने ४५ ओव्हर खाल्ल्या आणि समोरच्याला उरल्या ३३. ४५ ओव्हरच्या धावा ३३मध्ये कोण करायला जाईल? ते पहिल्या चेंडूपासून बॅट पुढे टाकून थांबणार आणि दोन-अडीच तास सगळे एकमेकांवर चिडणार. म्हणून निम्म्यापेक्षा जास्त ओव्हर पहिल्या संघाने खेळायच्या नाहीत, हे टॉसच्या वेळीच मोकळेपणाने बोलून घ्या. आणि हेही लक्षात ठेवा की शेवटचा ‘तास’ हौशी संघाला जवळजवळ दीड तास पडतो. २० ओव्हर पूर्ण कराव्याच लागतात, त्यामुळे वरच्या उदाहरणात सामना सहाच्या पुढे जातो.

संघांची ताकद असमान असेल तर काय करायचं हा मैत्रीच्या क्रिकेटमधला सगळ्यात नाजूक भाग आहे. एकाने १२० ठोकल्या आणि समोरचे पन्नासात गारद झाले तर जिंकणाऱ्यांचाही दिवस वाया जातो. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे पन्नासला निवृत्त व्हायचं. कायद्यानुसार दुखापत, आजार किंवा तसंच अटळ कारण नसताना बॅट्समन मैदान सोडून गेला तर समोरच्या कर्णधाराच्या संमतीशिवाय त्याला परत येता येत नाही, आणि तो परत आला नाही तर त्याची नोंद ‘निवृत्त, बाद’ अशी होते. म्हणून परतीची संमती आधीच द्यायची: बाकीचे सगळे बाद झाले तर निवृत्त झालेले निवृत्तीच्या क्रमाने परत येतील. बॉलिंगमध्ये ३५ ओव्हरला माणशी पाचची मर्यादा ठेवली की सात बॉलर लागतातच. ही पाचची मर्यादा म्हणजे नुसता नियम नाही, संघातल्या माणसांना काम मिळवून देणारं हेच सगळ्यात चांगलं साधन आहे. वरचे सहा बॅट्समन आणि सात बॉलर मिळून तेरा कामं होतात आणि माणसं आहेत अकरा. म्हणजे कुणीही रिकामं राहायचं कारण नाही. तरी राहतंच, कारण कर्णधार सवयीने त्याच चौघांना वर पाठवतो आणि त्यांच्याच हातात चेंडू देतो.

यावर इलाज म्हणजे एक वही. खेळाडूच्या नावापुढे पाच रकाने: किती वेळा मोकळा होता, किती सामने खेळला, वरच्या पाचात किती वेळा बॅटिंग, तीन किंवा जास्त ओव्हर किती वेळा, आणि मैदानावरचं काम किती वेळा केलं (मॅट, पंच, स्कोअर). धावा-विकेट या वहीत लिहायच्याच नाहीत, त्यासाठी स्कोअरबुक आहे. चार सामने झाले की वही उघडा. एखाद्याच्या पुढे ‘मोकळा ४, खेळला ३, वर ०, बॉलिंग ०’ दिसलं तर पुढच्या सामन्यात त्याला तिसऱ्या नंबरला पाठवा. सामना हरला तर हरू द्या. मात्र समोर फार वेगाने टाकणारा पोरगा असेल तर नवख्याला बळेच नव्या चेंडूसमोर ढकलू नका, चेंडू पंधरा ओव्हर जुना झाल्यावर पाठवा. वहीतला न्याय आणि माणसाचा जबडा यात जबडा आधी.

मैदानाकडे वळू. भाड्याच्या मैदानावर क्रीज कुणीतरी डोळ्याच्या अंदाजाने आखलेली असते आणि ती हमखास चुकलेली असते. एक न ताणणारी दोरी घ्या. नायलॉनची नको, ती ताणली की हातभर फरक पडतो. त्यावर चार गाठी मारा: ०, १.२२, १८.९० आणि २०.१२ मीटरवर. पहिली आणि शेवटची गाठ दोन्हीकडच्या मधल्या स्टंपच्या जागी, मधल्या दोन गाठी पॉपिंग क्रीजच्या, म्हणजे स्टंपपुढच्या आडव्या रेघेच्या. दोरी ताणली की चारही जागा एका दमात मिळतात. रिटर्न क्रीज, म्हणजे बाजूच्या उभ्या रेघा, मधल्या स्टंपपासून दोन्ही बाजूंना १.३२ मीटरवर. तीन स्टंपची एकूण रुंदी २२.८६ सेंटीमीटर, उंची ७१.१ सेंटीमीटर, चेंडू दोन स्टंपमधून आरपार जातो का हे हाताने एकदा बघून घ्या. फक्की मारताना क्रीजची मागची कड मापावर येते, पट्ट्याचा मध्य नव्हे. स्टंपिंग, रनआउट आणि नोबॉल त्याच कडेवर ठरतात.

मॅट असेल तर ती अंथरणं हे दोघांचं नाही, चौघांचं काम आहे आणि त्याला पाऊण तास लागतो. आधी खालची जमीन झाडून खडे काढायचे; मॅटखालचा शेंगदाण्याएवढा खडासुद्धा गुड लेंग्थला चेंडू अंगावर उडवतो. एका टोकाला खिळे ठोकून घ्यायचे, मग दुसऱ्या टोकाने दोघांनी ओढून ताण द्यायचा आणि तो सुटू न देता खिळे मारायचे, शेवटी दोन्ही कडा मधून टोकांकडे. उलट क्रमाने केलं, कडा आधी ठोकल्या, तर मध्ये फुगा राहतो. तो फुगा नेमका चेंडू टप्पा घेतो तिथे आला की चेंडू थांबून येतो आणि सोपे झेल उडतात. खिळ्याची डोकी जमिनीला टेकलेली हवीत, आणि दर पंधरा ओव्हरने एक फेरी मारून सैल झालेले खिळे पुन्हा ठोकायचे. काथ्याच्या मॅटवर चेंडू जास्त उसळतो, तिथे शॉर्ट बॉल किती चालणार हे आधी बोला. खरी मातीची खेळपट्टी असेल तर तुमच्या हातात फार काही नसतं. दुसरा डाव सुरू होण्याआधी रोलर जास्तीत जास्त सात मिनिटं फिरवता येतो, आणि ओल असेल तर जड रोलर फिरवून ती वर खेचण्यापेक्षा अर्धा तास थांबणं बरं.

चेंडूचं वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम. चार तुकड्यांचा चेंडू ३५ ओव्हर आकार धरून राहतो, दोन तुकड्यांचा स्वस्त असतो पण विसाव्या ओव्हरनंतर त्याची गोलाई बिघडू लागते, विशेषतः मॅटवर. नव्या चेंडूंइतकेच महत्त्वाचे म्हणजे दहा, वीस आणि तीस ओव्हर वापरलेले तीन जुने चेंडू. सामन्यातला चेंडू झुडपात गेला तर बदली चेंडू तेवढाच झिजलेला हवा. नवा काढून दिला की बॅटिंग करणारे ओरडतात आणि फाटका दिला की बॉलर. क्लबच्या पिशवीत स्टंपचे दोन संच, सहा बेल्स, पॅडच्या चार जोड्या, किपरचे पॅड आणि ग्लोव्ह्ज, डावखुऱ्यासाठी पॅड-ग्लोव्ह्जची एक जोडी (हमखास राहते), आणि दोन वेगळ्या मापांची तीन हेल्मेट. हेल्मेट बीएस ७९२८:२०१३ या ब्रिटिश मानकाचं घ्या. त्यात चेंडू जाळी आणि पुढच्या कडेच्या फटीतून आत शिरतो का याची चाचणी झालेली असते. म्हणून ती फट नंतर आपल्या सोयीने मोठी करायची नाही. जोराचा चेंडू बसलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी बाद. जांघेचा गार्ड ज्याचा त्याचा.

पंच बाहेरून मिळाले तर उत्तम, नाहीतर बॅटिंग करणाऱ्या संघाचे दोघे उभे राहतात. कुणाला उभं करायचं याला पद्धत आहे. सुरुवातीच्या दहा ओव्हर आठव्या-नवव्या नंबरचे, मग दर दहा ओव्हरने बदल. नुकताच बाद झालेला माणूस कधीच नको, तो रागात असतो. पुढचा बॅट्समनही नको, त्याचं लक्ष पॅडकडे असतं. खिशात सहा खडे ठेवून चेंडूगणिक एक दुसऱ्या खिशात टाकायचा, बोटांवर मोजलं की अपीलच्या गोंधळात सातवा चेंडू टाकला जातो.

पायचीतवरून सगळ्यात जास्त मनं दुखावतात. काही क्लब घरचे पंच असले की पायचीत द्यायचंच नाही असं ठरवतात. ते मला पटत नाही. मग प्रत्येक बॅट्समन पॅड पुढे करून उभा राहतो आणि स्पिनरने करायचं काय? त्यापेक्षा पंचांना तीन प्रश्न पाठ करायला लावा. टप्पा लेग स्टंपच्या बाहेर होता का? बॅट्समन फटका खेळत असताना पॅडला ऑफ स्टंपच्या बाहेर लागला का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल तरच तिसरा: नक्की स्टंपवर जात होता का? पाय चांगला पुढे टाकलेला असेल, म्हणजे चेंडूला अजून दोन-अडीच मीटर जायचं होतं, तर शंकेचा फायदा द्या. मागच्या पायावर समोर सापडला तर आपलाच माणूस असला तरी बोट वर करा. पहिल्याच सामन्यात क्लबच्या अध्यक्षाला आपल्या पंचाने असं बाद दिलं तर पुढच्या हंगामापर्यंत तुमच्या पंचगिरीवर कुणी बोलत नाही.

टॉसच्या वेळी दोन्ही कर्णधारांनी आणखी चार गोष्टी उच्चारून ठरवायच्या. वाईड: ऑफला रिटर्न क्रीजच्या आत ४३ सेंटीमीटरवर फक्कीची खूण करून तिच्या बाहेरचा वाईड, हे एकदिवसीय सामन्यांतलं माप चालतं, पण लेगला टीव्हीसारखा कडकपणा नको, पॅडच्या अगदी जवळून गेलेला चेंडू सोडून द्या, नाहीतर हौशी बॉलरची ओव्हर दहा चेंडूंची होते. नोबॉल: टप्पा न पडता कमरेच्या वर आलेला चेंडू स्पिनरचा असला तरी नोबॉलच. फ्री हिट मूळ कायद्यात नाही, हवी असेल तर आधी सांगा. आणि बॉलरच्या टोकाला लवकर निघणाऱ्याला धावचीत करणं: २०२२पासून ते धावचीतच्या कायद्यातच आहे आणि ताकीद देणं बंधनकारक नाही. मैत्रीच्या सामन्यात आधी एक ताकीद द्यायची असं ठरवता येतं, फक्त ते आधी ठरवा. शेवटच्या ओव्हरला चार धावा हव्या असताना ही चर्चा उकरली तर पुढच्या वर्षीचा सामना गेला म्हणून समजा.

स्कोअर मोबाईल ॲपवर ठेवा, पण कागदी स्कोअरबुकही चालू ठेवा. बॅटरी संपते, उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि नवा माणूस बसला की चुकीच्या बॅट्समनला धावा जातात. समोरच्या संघाची पूर्ण नावं टॉसच्या वेळीच लिहून घ्या. दर पाच ओव्हरने दोन्ही नोंदी जुळवायच्या, आणि डाव संपल्यावर हा ताळा करायचा. समजा १६३ धावा झाल्या. बॅट्समनच्या १३८, बाय ६, लेगबाय ४, वाईड १२, नोबॉल ३, बेरीज १६३. बॉलरांच्या नावावर मात्र १५३ यायला हव्यात, कारण बाय-लेगबायच्या दहा धावा त्यांच्या नाहीत. इथे चुकतं ते बहुधा दोन जागी. वाईड चेंडू सीमेपार गेला तर पाचही धावा वाईड आणि त्या बॉलरच्या खात्यात. बरेच जण चार बाय लिहितात. नोबॉलवर बॅटला न लागता दोन धावा पळाले तर एक नोबॉल बॉलरच्या नावावर आणि दोन बाय वेगळे. तिसरी छोटी चूक: बॅट्समनने खेळलेल्या चेंडूंत नोबॉल धरतात, वाईड धरत नाहीत.

पावसाचं गणित सोपं ठेवा. पावसाने ओव्हर कमी झाल्या की लक्ष्य ठरवणारी डकवर्थ-लुईस पद्धत (आताचं नाव डकवर्थ-लुईस-स्टर्न) १९९७पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत आहे आणि ॲपमध्येही मिळतं, पण मैदानावर ते कुणालाच समजावून सांगता येत नाही. नुसत्या धावगतीने काढलं तर पाठलाग करणाऱ्याला झुकतं माप मिळतं: ३५ ओव्हरमध्ये १७५ झाल्या आणि सामना २५ ओव्हरचा झाला तर जिंकायला १२६, पण विकेट मात्र दहाच्या दहा हातात. म्हणून कमी झालेल्या प्रत्येक ओव्हरमागे अर्धा टक्का वाढवायचा. दहा ओव्हर गेल्या म्हणजे पाच टक्के, १२५चे १३१ होतात आणि लक्ष्य १३२. पंधरापेक्षा कमी ओव्हर होणार असतील तर निकाल काढू नका, उरलेल्या वेळात नुसतं खेळा.

विजेच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. झाडाखाली तर नाहीच. डोक्याला चेंडू बसलेल्या खेळाडूला गरगरणं, गोंधळ, डोकेदुखी यातलं काहीही जाणवलं तर तो त्या दिवशी परत खेळणार नाही, त्याने स्वतः कितीही ‘ठीक आहे’ म्हटलं तरी. उलट्या होत असतील किंवा तो पेंगू लागला तर थेट हॉस्पिटल. कायद्यातला बदली खेळाडू बॅटिंग-बॉलिंग करू शकत नाही, पण अशा वेळी पूर्ण बदली खेळाडू देऊ असं दोन्ही संघांनी आधीच मान्य करावं. त्यामुळे जखमी माणूस ‘संघ अडचणीत येईल’ म्हणून पुन्हा पॅड बांधत नाही.

पैशाचं थोडक्यात. वर्षाचा खर्च (किट, मॅटची दुरुस्ती, पहिलं बुकिंग) वार्षिक वर्गणीतून, सामन्याचा खर्च (मैदानाचा वाटा, चेंडू, पंच) त्या दिवशी खेळणाऱ्यांकडून. सामन्याचा खर्च अकराने भागू नका, नऊने भागा. उरलेल्या दोन वाट्यांतून विद्यार्थ्यांची सवलत, पावसात बुडालेलं भाडं आणि हरवलेला चेंडू निघतो. पैसे टॉसच्या आधी गोळा करायचे. सामना संपल्यावर हरलेला संघ फार लवकर घरी जातो.

आणि सामना संपला की तिथेच, स्टंप पिशवीत भरता भरता, समोरच्या कर्णधाराला पुढच्या वर्षीचा हाच रविवार विचारा. त्याच रात्री स्कोअरकार्ड त्यांच्या सगळ्या नावांनिशी नीट टाइप करून पाठवा आणि खाली पुढच्या वर्षीची तारीख लिहा. असे आठ संघ जमले की पुढच्या हंगामात सामने जुळवणाऱ्याला सहाच तारखा भराव्या लागतात.